भुसावळच्या पोरीला स्की रेसिंगच्या टीममध्ये घालायचं असेल तर

भुसावळहून एका भाऊंचा प्रश्न आलाय. मुलगी ११ वर्षांची, सहावीत, दोन हिवाळे मनालीजवळ सोलंगला स्कीइंग शिकून आली, पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) येतात, घरी इनलाइन स्केटिंग चालू असतं आणि आता तिच्या डोक्यात एकच, स्की रेसिंगच्या ज्युनियर टीममध्ये जायचं. भाऊ रेल्वेत आहेत. कुठे नाव घालायचं, उशीर झाला का, खर्च किती, आणि गुडघ्यांचं काय असं त्यांनी विचारलंय. मी यावलकडचा, हिवाळाभर गुलमर्गला ज्युनियर पोरांना रेसिंग शिकवतो, बाकी वर्ष जळगावात असतो, त्यामुळे दोन्हीकडचं माहीत आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

भाऊ, उशीर झालेला नाही, ती भीती आधी मनातून काढून टाका. एफआयएस म्हणजे स्कीइंगची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या हिशोबात मुलांचे दोन गट येतात, अंडर १४ आणि अंडर १६, आणि मोठ्यांच्या एफआयएस रेस तर सीझन सुरू होतो त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर १६ पूर्ण होत असतील तरच खेळता येतात. वय जन्मवर्षावर मोजतात, तारखेवर नाही. म्हणजे तुमच्या पोरीच्या हातात मोठ्यांत जायच्या आधी चारपाच हिवाळे आहेत. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांचे गट कधी कधी वेगळे पडतात, ते त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायचं.

पण हे चारपाच हिवाळे म्हणजे बर्फावरचे नेमके किती दिवस, हा खरा प्रश्न आहे आणि मला सगळ्यात जास्त याच्यावरच बोलायचंय. युरोपातलं या वयाचं क्लबमधलं पोरगं वर्षाला शंभरच्या आसपास दिवस स्कीवर असतं. गुलमर्गजवळच्या टंगमर्गचं किंवा सोलंगच्या बाजूच्या गावातलं पोरगं बर्फ चांगला पडला तर दीडदोन महिने. आणि आपलं पोरगं १४ दिवसांचा कोर्स करून परत. आरिफ खान, जो २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेला आणि जायंट स्लॅलममध्ये (उतारावर दूर दूर लावलेल्या पोलना वळसे घेत खाली यायची रेस) ४५ वा आला, त्याच्या वडिलांचं गुलमर्गलाच स्कीच्या सामानाचं दुकान, चौथ्या वर्षापासून स्कीवर. आंचल ठाकूर, जिने २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरुमला स्लॅलममध्ये (तीच रेस, पण पोल जवळ जवळ) ब्राँझ मिळवलं आणि भारताला स्कीइंगमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय मेडल दिलं, ती मनालीकडची, सोलंगचा उतार घराजवळ. हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. सांगायचं एवढंच की तुमच्याकडे जो पैसा आणि ज्या सुट्ट्या आहेत त्या आधी बर्फावरच्या दिवसांवर खर्च करा, मग सामानावर, आणि जर्सी-ट्रॅकसूट-टीमच्या नावावर सगळ्यात शेवटी. बहुतेक पालक बरोबर उलट्या क्रमाने करतात.

आता टीम म्हणजे काय ते. युरोपात गावागावात क्लब असतात, वर्षभराची फी भरली की पोरगं टीममध्ये, तसं आपल्याकडे नाही. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एक समजतात. एक म्हणजे राज्याची टीम, ती स्पर्धेपुरती बनते, राज्य संघटना ट्रायल घेते किंवा आधीचे निकाल बघते आणि नावं पाठवते. खेलो इंडिया विंटर गेम्स २०२० पासून सुरू झाल्या, स्कीइंगचा भाग गुलमर्गला असतो, तिथे राज्याच्या नावाने उतरतात. देशाच्या फेडरेशनचं नाव स्की अँड स्नोबोर्ड इंडिया, आणि पुढे एफआयएसचं लायसन्स लागलं तर ते देशाच्या फेडरेशनमार्फतच निघतं, दुसरा रस्ता नाही. त्यामुळे कोणी पैसे घेऊन परस्पर नॅशनल खेळवतो, सर्टिफिकेट मिळवून देतो असं म्हणाला तर फेडरेशनकडे नाव विचारून खात्री करा, मगच पुढे जा. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेनिंग ग्रुप, एखादा कोच आणि त्याच्याकडे सीझनभर गेट, म्हणजे वळायची जागा दाखवणारे पोल, लावून सराव करणारी पाचसहा किंवा आठदहा पोरं. तुमच्या पोरीला आत्ता ही दुसरी गोष्ट हवी आहे. राज्याच्या टीममध्ये नाव लागणं हे त्यातून आपोआप पुढे येतं, आणि नाही आलं एखाद वर्ष तरी काही बिघडत नाही.

ती ग्रुपमध्ये जायला तयार आहे का हे कोचने सांगायची वाट बघू नका, तुम्ही स्वतः उताराखाली उभं राहून बघू शकता. सकाळी बर्फ कडक असतो तेव्हा तिला मध्यम उतारावर साइड स्लिप करायला सांगा, म्हणजे स्की आडव्या ठेवून, वळण न घेता सरळ खाली घसरत यायचं, आधी उजवी बाजू खाली मग डावी. पुढे-मागे न वाहता एका पट्ट्यात येत असेल तर तिला एजचा, म्हणजे स्कीच्या धारेचा, ताबा आलाय. मग तिला टर्न मारताना आतला पाय बर्फावरून उचलायला सांगा, सगळं वजन बाहेरच्या स्कीवर. हे दोन्ही बाजूंना जमलं पाहिजे, जवळजवळ प्रत्येक पोराची एक बाजू कच्ची असते. आणि मग तिच्या मागे बर्फावर उमटलेल्या खुणा बघा. नुसतं घसरत वळलेली असेल तर झाडूने लोटल्यासारखा रुंद पट्टा दिसतो, आणि एजवर वळलेली असेल तर रुळांसारख्या दोन बारीक रेघा, शेवटपर्यंत समांतर. रेसिंग म्हणजे त्या दोन रेघा, कडक बर्फावर, दुसऱ्याने ठरवलेल्या जागी. वेग त्यातूनच येतो. जी पोरं सरळ खाली सुसाट येतात आणि पालक खाली टाळ्या वाजवतात ना, त्यांना गेटमध्ये घातलं की तिसऱ्या-चौथ्या गेटला बाहेर जातात, कारण वळायची वेळ दुसऱ्याने ठरवलेली असते. अजून रुंद पट्टाच दिसत असेल तर एक हिवाळा गेट न लावता नुसतं टेक्निक करा, त्यात कमीपणा नाही, चांगले कोच स्वतःहूनच तसं सांगतात.

कोच निवडताना त्याची मेडलं विचारू नका, हे विचारा: एका कोचमागे पोरं किती, आठवड्यात गेटचे दिवस किती आणि फ्री स्कीइंगचे, म्हणजे गेट न लावता, किती (या वयात फ्री स्कीइंगच जास्त हवं, रोज गेट लावतो म्हणणारा मला पटत नाही), लहानांना बुटके गेट आणि ब्रश (पोलऐवजी बर्फात रोवायचे छोटे मऊ झुपके) वापरतो का सरळ उंच पोल, लिफ्ट आहे का चढून जावं लागतं, व्हिडिओ दाखवतो का, कोर्सच्या बाजूला जिथे झाडं किंवा खांब आहेत तिथे जाळी लावतो का, बाइंडिंगचं (बूट स्कीला धरणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) सेटिंग कोण करतं, पाय मोडला तर कुठल्या हॉस्पिटलला आणि कशाने नेणार. लिफ्टचा प्रश्न किरकोळ वाटतो पण लिफ्ट असेल तर दिवसाला पंधरावीस रन होतात, चढून जायचं असेल तर पाचसहा, म्हणजे तेच १४ दिवस कुठे तिप्पट ठरतात आणि कुठे नाही. आणि पोरगी आहे म्हणून आणखी एक, राहायची सोय कुठे, खोलीत कोण, सोबत बाई माणूस कोण, हे स्पष्ट विचारा, संकोच अजिबात नको, चांगल्या कोचला याचा राग येत नाही. पहिल्या वर्षी आई किंवा तुम्ही स्वतः सोबत राहिलेलं उत्तम.

सामानाकडे येऊ. बुटांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि पालक सगळ्यात कमी. आपल्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची सवय, शाळेचा युनिफॉर्म तसा, बूट तसे, आणि स्कीचे बूट पण दोन साइज मोठे घेतात, म्हणतात दोन वर्षं चालतील. त्या बुटात पाय हलतो, आणि पाय हलला की गुडघ्याने केलेली हालचाल स्कीपर्यंत पोहोचत नाही, पोरगी एजवर जाऊच शकत नाही आणि मग सगळे म्हणतात हिला जमत नाही. तपासायची पद्धत सांगतो. बुटातलं आतलं मऊ लायनर पूर्ण काढा, फक्त प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक बोट, फार तर दीड बोट, एवढीच पाहिजे. दोन बोटं सहज गेली तर बूट मोठा. मग लायनर घालून बकल लावून उभं राहायचं, बोटं पुढे टेकतात, गुडघे पुढे वाकवले की बोटं थोडी मागे येतात आणि टाच खाली बसते, ते बरोबर. आपली पोरं चपलेवर वाढलेली, पंजा रुंद असतो, त्यामुळे बूट आडवा आवळतो म्हणून दुकानदार मोठा नंबर देतो, तसं करू नका, लांबी बरोबर घ्या आणि पंजाच्या जागी कवच गरम करून रुंद करून घ्या, बूट फिटिंग येणारा माणूस ते करतो. बूट खूप कडक पण नको, पोरीने उभ्या उभ्या गुडघे दाबले तर बूट पुढे वाकला पाहिजे. आणि मोजा एकच, पातळ, लोकरीचा. थंडी वाजेल म्हणून आई दोन जाड मोजे घालते, त्याने रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात.

स्की सेकंडहँड चालेल, बूट जमेल तितके तिच्याच मापाचे, हेल्मेट मात्र नवीनच, कारण जुन्या हेल्मेटने किती मार खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. जायंट स्लॅलमसाठी कान झाकणारं कडक हेल्मेट लागतं आणि त्याच्यावर एफआयएस आरएच २०१३ चं लेबल बघून घ्या, नाहीतर मोठ्या रेसला स्टार्टवरच अडवतात. स्लॅलमला हनुवटीसमोरचा गार्ड, नडगीचे गार्ड, काठ्यांवरचे गार्ड, शिवाय दोन्ही प्रकारांना पाठीचा प्रोटेक्टर. एक गोष्ट नेहमी बघतो, कोणीतरी मोठी खेळाडू रिटायर झाली की तिच्या जुन्या रेस स्की लहान पोरींना मिळतात आणि घरचे खूश होतात. मोठ्या बायकांची जायंट स्लॅलमची स्की १८८ सेंटीमीटर आणि ३० मीटर रेडियसची (रेडियस म्हणजे स्की किती मोठं वळण घेते ते माप), ती पस्तीस किलोच्या पोरीच्याने वाकतच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. मुलांच्या नियमात १८८ ही कमाल लांबी आहे आणि रेडियस किमान १७ मीटर, तिला आत्ता तिच्या उंचीच्या आसपासची ज्युनियर स्की पुरे. पहिल्या वर्षी तर एकच जोडी घ्या, स्लॅलमला एक आणि जायंट स्लॅलमला एक असं नको.

खर्चाचा ठोक आकडा मी देत नाही, पण सगळं रेसचं सामान नवीन घेतलं तर ते लाखाच्या घरात जातं आणि वाढत्या वयात ते दोनतीन सीझनच पुरतं, म्हणून म्हणतो की तोच पैसा दुसऱ्या १४ दिवसांना लावा. गुलमर्गला भाड्याने चांगलं सामान मिळतं, बूट स्वतःचे आणि स्की भाड्याची, हे गणित पहिल्या वर्षाला चांगलं बसतं. तुमच्याकडे रेल्वेचा पास आहे, झेलम एक्सप्रेस भुसावळवरूनच जम्मूला जाते, प्रवासाचा एवढा खर्च तरी वाचतो. नंतर कधी, म्हणजे १४-१५ ला, पोरगी खरंच पुढे दिसली तर मुंबईहून दुबई, तिथे मॉलमध्ये ४०० मीटरचा इनडोअर स्लोप आहे, बर्फ वर्षभर आणि कडक, छोटा असला तरी स्लॅलमला पुरतो. आरिफने ऑलिम्पिकची स्लॅलमची पात्रता तिथल्याच रेसमधून मिळवली होती. ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स वगैरे ग्लेशियर त्याच्याही नंतर.

आता उरलेले दहा महिने, खानदेशात. इथे पुष्कळ काही होतं, आणि पहाडातल्या पोरांच्या बरोबरीला यायला आपल्याकडे हाच वेळ आहे. इनलाइन चालू आहे ते सोन्यासारखं, फक्त सपाटीवर गोल गोल फेऱ्या मारण्याऐवजी थोड्या उताराच्या, गाड्या नसलेल्या सिमेंटच्या जागेवर कोन किंवा पाण्याच्या बाटल्या लावून स्लॅलम करायला लावा, बाहेरच्या पायावर वजन आणि खांदे खाली उताराकडे, स्कीवर तेच लागतं. इनलाइन अल्पाइन म्हणून तर स्वतंत्र खेळच आहे, पोल लावून उतारावर वेळ मोजतात. घाटात मात्र चुकूनही नेऊ नका, पालचा असो की अजिंठ्याचा, केळीचे ट्रक चालतात तिथे. पावसाळ्यात मनुदेवी, पाटणादेवी, जमलं तर तोरणमाळ, डोंगर चढायचा आणि मुद्दाम हळू, गुडघे वाकवून उतरायचा. चढताना दम वाढतो पण स्कीला लागणारे मांडीचे स्नायू उतरतानाच तयार होतात, कारण स्कीमध्ये स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलावं लागतं. घरी बाकावरून एका पायावर उतरून गुडघा न डुगडुगता थांबणं, आडव्या उड्या, भिंतीला पाठ लावून बैठक. रेस एक मिनिटाच्या आसपासची असते, त्यामुळे तास तास पळवण्यापेक्षा ४५ सेकंद जोर लावून काम आणि मग भरपूर विश्रांती, असे सेट करा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा जे काही करायचं ते सकाळी सातच्या आत उरकायचं.

गुडघ्यांची भीती रास्त आहे. स्कीइंगमध्ये गुडघ्याचं लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तेच जास्त जातं, आणि पोरी वयात येताना धोका वाढतो, कारण उंची आणि वजन पटकन वाढतं पण मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद मागे राहते. म्हणून वर सांगितलेलं एका पायावर उतरणं तिने कंटाळा आला तरी करायचं, आणि उतरताना गुडघा आत पडतो का हे समोरून मोबाइलवर शूट करून बघत जा. दुसरं बाइंडिंग. ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पातळी यांवरून सेट होतं, प्रत्येक हिवाळ्याच्या सुरुवातीला नव्याने, कारण पोरगी वर्षभरात चार किलो वाढलेली असते. रेसमध्ये स्की सुटू नये म्हणून कोणी नुसतं अंदाजाने आवळत असेल तर तिथेच थांबवा, पडल्यावर स्की सुटली नाही तर पाय पिळला जातो. आणि थकल्यावर, दुपारी बर्फ मऊ आणि खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असताना, आता शेवटचा एक रन असं म्हणू नका, बरेच अपघात तेव्हाच होतात.

पहिल्या रेसबद्दल थोडं. रेसच्या आधी इन्स्पेक्शन असतं, पोरं कोर्सच्या बाजूने साइड स्लिप करत खाली येतात आणि गेट पाठ करतात, लाल-निळा लाल-निळा. गेटमधून टर्न मारत प्रॅक्टिस केली तर बाद. तिला सांगा की सगळे गेट पाठ करायचे नाहीत, उतार कुठे अचानक बदलतो आणि लय कुठे तुटते, दोन गेट उभे एका रेषेत कुठे लावलेत, अशा तीनचार जागा लक्षात ठेवायच्या. दोन रन होतात, दोन्हींची वेळ मिळवून निकाल, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, आणि दुसऱ्या रनचा कोर्स नवीन लावलेला असतो. प्रत्येक गेटमधून दोन्ही स्कीची टोकं आणि दोन्ही पाय गेले पाहिजेत, एक गेट चुकला की बहुतेक वेळा त्या दिवसाचं संपलं. सुरुवातीच्या बऱ्याच रेसमध्ये तिच्या नावापुढे डीएनएफ लागेल, म्हणजे पोहोचली नाही. आरिफच्याही नावापुढे बीजिंगला स्लॅलममध्ये तेच लागलं होतं. तुम्ही फिनिशला उभे असाल तेव्हा चेहरा तेवढा नीट ठेवा, ती आधी तुमच्याकडेच बघणार. वेळ किती आली हे विचारण्याआधी कुठल्या गेटला गेली आणि का, हे तिला सांगू द्या.

शाळेचं आत्ता काही अडत नाही, सहावी-सातवीला जानेवारी-फेब्रुवारीतले तीन आठवडे मुख्याध्यापक देतात, आधी लेखी अर्ज द्या आणि परत आल्यावर स्पर्धेचा कागद जोडा. पण एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्या हिवाळ्यात ती अंडर १६ मधून बाहेर पडायच्या बेतात असेल, त्याच हिवाळ्यात दहावी येते, आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, ऐन सीझनमध्ये. पहाडातल्या पोरांना हिवाळ्याची लांब सुट्टी असते, आपल्याला नाही. ते वर्ष अर्धं सोडायचं की ओपन स्कूल वगैरे बघायचं हे आठवीतच घरात बसून ठरवा, ऐन वेळी ठरवलं की भांडणं होतात आणि बिचारी पोरगी दोन्हीकडून जाते. सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी कुठल्या स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या, जन्माचा दाखला आणि आधारवरचं स्पेलिंग एकच आहे ना तेही बघा, आणि पासपोर्ट काढून ठेवा.

या हिवाळ्यासाठी माझ्या मते असं करा. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत सलग तीन आठवडे एकाच जागी, एकाच कोचकडे, पहिले दहा दिवस गेट न लावता आणि मग ब्रश व बुटके गेट. दोन ठिकाणी आठ-आठ दिवस करू नका, प्रत्येक जागेचा बर्फ ओळखीचा व्हायलाच तीनचार दिवस जातात. आणि बर्फाचा आता भरवसा राहिलेला नाही, २०२५ ला गुलमर्गला खेलो इंडियाच बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावी लागली होती, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी कोचला त्या दिवशीचा उताराचा व्हिडिओ मागा, पश्चिमेकडून येणारा बर्फाचा पट्टा कधीचा सांगितलाय ते हवामान खात्याच्या अंदाजात बघा, आणि परतीचं तिकीट चारपाच दिवस पुढचं काढा.